धाकटी नेमकी कुठे राहते?

गादीवालीसमोर कुणी राजकारणाचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठ्या पडायच्या. आणि राजकारण आलं ते थेट तिच्या माडीवर राहायला. तेही एक बॅग, एक छत्री आणि छातीशी धरलेलं गजराचं घड्याळ घेऊन.

झालं होतं असं, की मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि कुणा शहाण्याने रेघ ओढली ती बरोब्बर त्यांच्या रस्त्याच्या मधोमध. रस्ता तरी केवढा? समोरच्या घरात कुणी शिंकलं तर इकडून विचारावं, औषध घेतलंस का, एवढा. रेघेच्या अलीकडे गादीवालीचं घर. खाली गाद्यांचा कारखाना, त्यामागे तिची खोली, आणि बाहेरच्या जिन्याने वर गेलं की माडी. रेघेच्या पलीकडे, दारासमोर दार, तिच्या धाकट्या बहिणीचं घर. तिथे धाकटी तिच्या मुलाबरोबर, सुनेबरोबर आणि नातीबरोबर राहायची.

धाकटी शाळेत बाई होती. शाळा रेघेच्या अलीकडे. तिच्या हातचे धपाटे खाल्लेली पोरं आता बाप्ये झालेली, तीही अलीकडेच. निवृत्त झाल्यावर तिने बस थांब्यासाठी, तुंबणाऱ्या गटारांसाठी, दवाखान्यातल्या बंद पडलेल्या लिफ्टसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेही अलीकडच्या लोकांसाठी. त्या लोकांनीच तिला विधिमंडळाच्या निवडणुकीला उभी राहा म्हणून गळ घातली. ती हो-नाही करत तयार झाली आणि मग कुणीतरी नव्या हद्दींबरोबर आलेला नवा नियम वाचून दाखवला. अर्ज भरण्याआधी उमेदवाराने निदान सहा महिने मतदारसंघात खरोखर राहिलेलं असलं पाहिजे.

"म्हणजे मी परकी?" धाकटीने विचारलं. "मी? अन् तो पुलावरचा घरचा?"

पुलावरचा म्हणजे तिचा विरोधक. शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचा धंदा, बायकापोरं सगळी तिकडे. पण नव्या पुलाजवळच्या उंच इमारतीत त्याने आधीच घर घेऊन ठेवलं होतं. विजेचं बिल त्याच्या नावावर यायचं. नियमाच्या दृष्टीने तो अगदी इथला होता.

तेव्हा धाकटी रस्ता ओलांडून थोरलीकडे राहायला आली. मुलगा आणि सून खिडकीतून हात हलवत होते. "पोचलीस की कळव गं आई," मुलगा ओरडला, आणि अख्खा रस्ता हसला. गादीवालीही हसली. पण खरं सांगायचं तर तिला त्या दिवशी आनंदाने काही सुचत नव्हतं. नवरा गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. दिवसभर कापूस पिंजायच्या यंत्राची घरघर असायची तोवर ठीक, यंत्र बंद झालं की भिंतीसुद्धा बोलेनात. मूलबाळ नाही. आता माडीवर कुणीतरी असणार होतं, पावलं वाजणार होती. तिने धाकटीसाठी नवी गादी भरली, कापूस दोनदा पिंजून घेतला, कडेचे टाके स्वतः दाभणाने घातले. या बाबतीत बाई भारी मानी होती. खड्डा पडलेली गादी म्हणजे तिच्या लेखी चारचौघांत वाहणारं नाक. दर सुट्टीच्या सकाळी घरातल्या झाडून सगळ्या गाद्या ती गच्चीवर नेणार, उन्हात टाकणार, वेताच्या छडीने बडवणार आणि उलटून पुन्हा जागेवर घालणार. हे ती इतकी वर्षं करत होती, की आपण काही करतोय हेही तिच्या ध्यानात येत नसे. हात त्यांचं काम करायचे आणि डोकं भलतीकडेच फिरत असायचं.

शेजारी केस कापणाऱ्याचं दुकान होतं. त्याला सगळे कातरवाला म्हणत, आणि त्याची जीभ कात्रीहून जास्त चाले. गादीवरून करता येतील तेवढे विनोद त्याने पहिल्या आठवड्यातच करून संपवले. मग तो वादाला लागला.

"मला एक सांगा," तो कारखान्याच्या दारात चहा पीत म्हणायचा. "उमेदवार इथे राहिलाच पाहिजे, हे कशाला? डॉक्टर काय स्वतः आजारी असावा लागतो?"

"डॉक्टर निदान तपासायला तरी येतो," गादीवाली म्हणायची.

"आणि जन्मभर इथेच राहून ज्यांना काही दिसत नाही, त्यांचं काय? मीच घ्या. मागच्या गल्लीत मी शेवटचा कधी गेलो ते मला आठवत नाही."

हे मात्र खरं होतं. गादीवाली विचारात पडायची. तिचं डोकं असंच होतं, एकदा एखादा प्रश्न आत शिरला की कापसात अडकलेल्या सरकीसारखा टोचत राहायचा. राहणं म्हणजे नेमकं काय? कपडे जिथे असतात तिथे माणूस राहतं? मग धाकटीचे निम्मे कपडे अजून समोरच्या कपाटात होते. जेवतं तिथे? धाकटी कधी इकडे जेवायची, कधी नातीच्या हट्टाने तिकडे. झोपतं तिथे? हो, हे बरं. पण धाकटी तिथे झोपते का, हे तरी कोण सांगणार?

कारण गादीवालीची झोप म्हणजे दगड. संध्याकाळी जेवून पाठ टेकली की संपलं. धाकटी सभाबिभा आटोपून, नातीला गोष्ट सांगून केव्हा यायची, येऊन जिना चढायची की नाही, हिला पत्ता नसे. पहाटे उठून ही आधी यंत्र सुरू करायची, मग चहा घेऊन माडीवर जायची, तर खोली रिकामी. धाकटी फिरायला गेलेली. बिछाना नीट आवरलेला, गादी सपाट. आल्यावर धाकटी हसून म्हणायची, "छान झोप लागली हो, ताई."

हीच तर गोम होती. छान झोप लागली, छान झालंय जेवण, छान आहे खोली. धाकटी सगळ्याला छान म्हणायची! लहानपणी या दोघी कंगव्यावरून एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. उशी कुणाची यावरून घर डोक्यावर घ्यायच्या. ती धाकटी आता पाहुण्यासारखी पाय जोडून बसायची. भाजी खारट झाली तरी मुकाट गिळायची. गादीवाली मुद्दाम एकदा मीठ घालायचंच विसरली. "छान झालंय," धाकटी म्हणाली.

गादीवालीला वाईट वाटलं. आपली बहीण आपल्याकडे राहत नाहीये, ती फक्त दिवस भरतेय, असं तिला वाटायला लागलं. निवडून आली तर नियमापोटी राहील. हरली तर बॅग उचलून तोंडही दाखवणार नाही. म्हणून गादीवालीला धाकटी निवडून यायला हवी होती. लोकांना गटारं दुरुस्त व्हायला हवी होती आणि हिला माडीवर पावलं हवी होती, आता काय म्हणाल?

धाकटीने अर्ज भरला, आणि दुसऱ्याच दिवशी पुलावरच्याने हरकत घेतली. बाई बहिणीकडे राहतात हे निव्वळ नाटक आहे, त्या पलीकडेच राहतात, म्हणे.

चौकशीला निवडणूक कचेरीतून एक साहेब आले. जाड चष्मा, हळू बोलणारे, सज्जन माणूस. आले ते नेमके धाकटी प्रचाराला बाहेर पडल्यावर. गादीवाली त्यांना माडीवर घेऊन गेली. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. दोरीवर दोन साड्या, खुंटीला छत्री, फळीवर घड्याळ आणि पाण्याचा ग्लास. खाली यंत्र सुरू होतं, त्याने भिंत थरथरत होती. साहेबांनी ग्लास उचलला. त्याच्याखाली घडी घातलेला रुमाल होता. त्यांनी तो पाहिला आणि ग्लास परत ठेवला. मग त्यांनी चादर बाजूला केली आणि गादीवर तळवा दाबला.

"नवी दिसते."

"सहा महिन्यांची आहे," गादीवाली म्हणाली.

"सहा महिने कुणी झोपलंय असं वाटत नाही हो."

गादीवालीने पाहिलं. बघते तर काय, खरंच! गादी फुगून आलेली, कडेपासून कडेपर्यंत एकसारखी, कुठे म्हणून दबलेली नाही. कुणाचंही अंग सहा महिने पडलं तर कापूस बसणारच. म्हणजे आपल्याला वाटत होतं तेच खरं. धाकटी अंधार पडला की रस्ता ओलांडून जाते आणि उजाडायच्या आत येते.

"त्या इथे झोपतात का?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणायला तिचं काय जात होतं? पण खोटं बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळूला चिकटायची. शिवाय आत कुठेतरी राग धुमसत होता. नाही झोपत, असंही तिच्याने म्हणवेना.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

साहेबांनी ते लिहून घेतलं. उद्या दुपारी सुनावणी आहे म्हणाले, आणि गेले.

कातरवाल्याने बाहेरच्या जिन्यावर उभं राहून सगळं ऐकलं होतं, त्यामुळे धाकटीला ते कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळी ती आली ती जिना न चढता सरळ कारखान्यात. चेहरा लालबुंद.

"माहीत नाही? तुला माहीत नाही?"

"नाही माहीत," गादीवालीने कापसाचा गठ्ठा बाजूला केला. "गादी बघ जाऊन. त्या गादीवर माणूस काय, मांजरसुद्धा झोपलेलं नाही. धंदा आहे माझा, मला शिकवू नकोस. जायचंच होतं रोज तिकडे, तर मला सांगायचंस. मी काय बांधून ठेवणार होते?"

धाकटी जी फुटली!

"ताई, तू बडवतेस ना ती! दर आठवड्याला! मी आठवडाभर कूस बदलून बदलून माझ्या पाठीपुरती जागा करते. जरा कुठे बरा खड्डा होतो, बाहेरून येऊन बघते तर पुन्हा फळीसारखी सपाट! सहा महिने मी दर आठवड्याला नव्या गादीवर झोपतेय! माझी कंबर गेली कामातून!"

गादीवालीच्या हातातला दाभण तसाच राहिला. तिला गच्ची आठवली, ऊन आठवलं, छडीचा आवाज आठवला. अगं बाई! त्या ओळीत ती एक गादीही असायची. आपल्याच हाताने आपण बहिणीचा पुरावा बडवून काढत होतो, आणि वर तिलाच त्या गादीकडे बोट दाखवलं.

पण धाकटी आता थांबणार नव्हती. "आणि पहाटे तुझं ते यंत्र! भिंत हलते, ग्लास खणखणतो. रुमाल ठेवला त्याच्याखाली, तरी हलतो. म्हणून मी फिरायला पळते, मला काय हौस आहे अंधारात तंगडतोड करायची? जिन्याची वरून दुसरी पायरी डुगडुगते. न्हाणीचा नळ टपटपतो. तुझ्या चहात कापूस असतो, ताई, मी कापूस प्यायलेय! आणि घोरतेस किती! खालच्या मजल्यावरून!"

"मी घोरत नाही!"

"घोरतेस! आणि त्या दिवशी भाजीत मीठच नव्हतं!"

"मग बोलली का नाहीस इतके दिवस? तोंडाला काय टाके घातले होते?"

"कशी बोलू?" धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या गरजेसाठी आले मी तुझ्या घरात. फुकटची राहते, तुझं खाते, आणि वर तुलाच नावं ठेवू? लाज वाटत होती मला."

गादीवाली स्टुलावर बसली. तिला रडूही येत होतं आणि हसूही. "मला वाटलं, तू पाहुणी आहेस," ती म्हणाली. "मला घर खायला उठतं गं. मला वाटलं, कुणीतरी आलंय, तर तेही खोटंच."

धाकटीने तिथलीच एक उशी ओढली आणि बहिणीच्या पायाशी बसली. दोघींनी मिळून चहा केला आणि त्यात खरंच कापूस निघाला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीला खोली भरलेली. पुलावरचा स्वतः नव्हता, त्याचा वकील होता. गादीवालीने उभं राहून सांगितलं, की काल मी म्हणाले ते चूक. बहीण माझ्याकडेच झोपते, गादी मीच बडवते.

वकील हसला. "बाई काल माहीत नाही म्हणाल्या. आज एकदम माहीत झालं?"

"हो. कारण काल ती माझ्याशी भांडली."

खोलीत खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कशावरून भांडल्या?"

"ते तिलाच विचारा. इतकी वर्षं मी त्या घरात आहे, पण माझ्या माडीत काय काय वाईट आहे हे मला कालच कळलं. माझ्यासमोर नका विचारू, नाहीतर हे म्हणतील मी खुणा करते."

साहेबांनी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि धाकटीला पुढे बोलावलं. "बाई, त्या घराबद्दल तुमची काय तक्रार आहे?"

धाकटीने साडीचा पदर सारखा केला. खोलीत तिने शिकवलेले किती तरी जण होते. ती हसली आणि म्हणाली, "तक्रार? छे हो. छान आहे सगळं."

घ्या! पुन्हा पाहुणी झाली!

"ऐकलंत साहेब?" वकील म्हणाला. "काहीच तक्रार नाही."

"बोल की गं बये!" गादीवाली भिंतीकडे तोंड करूनच ओरडली. "काल कशी तोंडाचा पट्टा सोडल्यासारखी बोलत होतीस!"

"तुम्ही गप्प बसा," साहेब म्हणाले.

धाकटी अवघडली. "चारचौघांत कशी बोलू? माझी थोरली बहीण आहे ती. तिने मला जागा दिली."

"बाई," साहेब हळूच म्हणाले, "तुमच्या उमेदवारीचा प्रश्न आहे."

धाकटीने एकदा बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. मग सुरुवात केली. आधी हळू, मग जरा जोरात, मग वर्गात फळ्यासमोर उभी असल्यासारखी. गादी. कंबर. पायरी. नळ. कापूस. घोरणं. पहाटेचं यंत्र आणि ग्लासाखालचा रुमाल.

रुमालापाशी साहेबांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. "तो रुमाल त्यासाठी आहे होय?"

"नाहीतर कशासाठी? आणि तरी वाजतोच! शिवाय पूर्वेच्या खिडकीला पडदा नाही, सुट्टीच्या दिवशी जरा उशिरा उठावं तर ऊन सरळ डोळ्यांत. मी किती दिवस सांगेन सांगेन म्हणतेय..."

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. "एवढी गाऱ्हाणी भाडेकरूचीसुद्धा नसतात. बाई तिथे राहतात. अर्ज कायम."

टाळ्या पडल्या. गादीवालीचा जीव भांड्यात पडला. भर कचेरीत बहिणीने आपली लक्तरं वेशीवर टांगली, आणि हिला इतका आनंद झाला, की भिंतीकडे तोंड होतं तेच बरं.

नंतरच्या दिवसांत कातरवाल्याला नवा खेळ मिळाला. पुलावरचा प्रचाराला दारात आला, तेव्हा त्याने अगदी भाबडा चेहरा करून विचारलं, "काय साहेब, नवं घर कसं आहे?"

"उत्तम!" पुलावरचा म्हणाला. "काहीच त्रास नाही."

पाठीमागे अख्खा रस्ता तोंडावर हात धरून हसला. गादीवालीला मात्र त्याची थोडी कीवच आली. पुलाजवळच्या इमारतीत लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी अडकते, हे तिला गिऱ्हाइकांकडून माहीत होतं. त्या बिचाऱ्याला अजून कुणी सांगितलेलंही नव्हतं.

आणि तोच निवडून आला. थोडक्या मतांनी, पण आला. लोक हसतात एकाला आणि मत देतात दुसऱ्याला, त्याला कोण काय करणार? कातरवाला म्हणाला, बघू या, कदाचित चांगलं काम करील. गादीवालीला वाटलं, करीलही. एकदा त्या लिफ्टमध्ये अडकला की कळेल त्याला. पण तिच्या जिवाला दुसरंच लागलं होतं. आता नियम उरला नव्हता.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाचा रस्ता ओलांडून आला. "मावशी, आईची बॅग नेतो," म्हणाला. त्यात त्याचं काय चुकलं? त्याची आई ती. धाकटी नातीचं बोट धरून पुढे गेली. गादीवालीने दारात उभं राहून हात हलवला. "पोचलीस की कळव," असं तिला म्हणायचं होतं, पण तोवर धाकटी पोचलीही होती.

दोन दिवसांनी सुट्टी आली. गादीवाली सवयीने माडीवर गेली. पूर्वेच्या खिडकीला तिनेच शिवलेला नवा पडदा होता. फळीवर ग्लास होता, त्याच्याखाली रुमाल. गादीत मधोमध, जरा डावीकडे, अंगाएवढा खड्डा होता. भांडणानंतर तिने त्या गादीला छडी लावली नव्हती. धाकटीने शपथच घातली होती.

तिने त्या खड्ड्यावरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाली, असू दे, आता कुणासाठी ठेवायचा? तिने गादी खांद्यावर घेतली, गच्चीवर नेली, कठड्यावर टाकली. छडी उचलली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. डोळे भरून आल्यामुळे तिला काही नीट दिसत नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पुन्हा हात वर केला.

समोरच्या घराची खिडकी धाडकन उघडली.

"ए ताई!" धाकटी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत ओरडली. रस्त्यावरचे सगळे वर बघायला लागले. "त्या गादीला हात लावलास तर बघ! मग रात्री मी झोपू कुठे?"

"तुझ्या घरी झोप!" गादीवालीही ओरडली. "तिथे आहे ना गादी!"

"इथली मऊ लागते मला! झोप येत नाही! आणि भाजीत मीठ बघून घाल, मी जेवायला येतेय!"

खाली कातरवाला दुकानाबाहेर येऊन मान वर करून बघत होता. गादीवालीने छडी खाली ठेवली. मग तिने गादी उचलली, उलटी न करता, खड्ड्याची बाजू वर ठेवून सांभाळून माडीवर आणली, आणि होती तशी घातली.